उत्तररंग : कादंबरीतलं ज्ञान आणि स्मरण

या पुस्तकात ज्या कथा-कादंबऱ्या चर्चेला घेतल्या आहेत, त्यांतली एकही देवघरात ठेवायची म्हणून लिहिलेली नाही. ‘बनगरवाडी’ ही एका शाळामास्तराची हकिगत आहे, ‘कोसला’ ही पंचविशीतल्या एका पोराची, ‘वामन परत न आला’ ही विज्ञानकथा. जी. ए. कुलकर्णींची ‘स्वामी’ मठात घडते खरी, पण त्या मठाकडे पाहणारी तिची नजर भाविकाची नाही. तरीही ज्ञान कशाला म्हणावं आणि आठवण कोणाच्या मालकीची असते, या दोन प्रश्नांवर गीता, ज्ञानेश्वरी आणि लीळाचरित्र जे सांगतात, ते मला या पुस्तकांत जेवढं ठसठशीत भेटलं तेवढं अलीकडच्या कित्येक धार्मिक पुस्तकांत भेटलं नाही. पुढचे सगळे लेख हे म्हणणं तपासून पाहण्यासाठी लिहिले आहेत.

गीतेचा समारोप पाहा. कृष्ण अर्जुनाला विचारतो, अज्ञानातून आलेला तुझा मोह गेला का? अर्जुन उत्तर देतो की मोह गेला आणि स्मृती परत मिळाली. अठरा अध्याय ऐकून उठलेला माणूस नवं काही शिकल्याचं सांगत नाही, हरवलेलं सापडल्याचं सांगतो. दुसऱ्या अध्यायात माणूस बुडतो कसा याच्या पायऱ्या आहेत. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह, आणि संमोहातून स्मृतिभ्रंश. बुद्धी जाते ती त्यानंतर. आधी विस्मरण येतं, मग अज्ञान. पंधराव्या अध्यायात तर भगवंत म्हणतात की स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून आहेत, आणि त्या दोहोंचं नाहीसं होणं, ज्याला तिथे अपोहन म्हटलं आहे, तेही माझ्यापासूनच. पहिल्या दोन गोष्टींना आपण चटकन मान डोलावतो. तिसरीपाशी थांबावं लागतं. विसरणंही देणारा तोच, हे पचायला अवघड आहे आणि या पुस्तकातले निम्मे लेख त्या एका गोष्टीभोवती फिरतात.

तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. मान नसणं, दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरूची सेवा अशी ती सुरू होतात आणि त्यांत माहितीला कुठेच जागा नाही. ज्ञानेश्वर 1290 साली नेवाशात या श्लोकांवर बोलले तेव्हा ते अहिंसेपाशी फार वेळ रेंगाळले. असा माणूस पाऊल कसं टाकतो, बोलतो कसा, बघतो कसा, हात कसा उचलतो, हे त्यांनी एकेक करून दाखवलं. पुढे अज्ञानी माणसाचंही तसंच सविस्तर वर्णन केलं. तो भाग वाचताना आपल्यापुढे तत्त्वज्ञान उरत नाही, चालती-बोलती माणसं उभी राहतात. कादंबरीकार जे काम करतो ते माउलींनी तिथे केलं आहे. ज्ञान हे जगण्याच्या रीतीत दिसतं असं एकदा मानलं, की ते दाखवायला माणूस रंगवण्यावाचून दुसरा मार्गच राहत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, मध्ये नामाचा गजर, आणि मग उत्तररंगात आख्यान. सिद्धान्त आधी सांगून झालेला असतो, तरी श्रोता उठत नाही. राजा हरिश्चंद्र किंवा ध्रुव समोर आल्याशिवाय तो सिद्धान्त त्याच्या हाडात मुरत नाही, हे कीर्तनकाराला माहीत असतं. वारकरी कीर्तनात असे दोन स्वतंत्र भाग नसतात, पण दृष्टांताशिवाय तिथेही पुढे जाता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हरिदासांना आख्यानासाठी आर्या पुरवणारे मोरोपंत आमच्या बारामतीचे. 1729 साली पन्हाळ्यावर जन्मलेले हे पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी आले आणि 1794 मध्ये बारामतीतच वारले. त्यांनी शंभरावर रामायणं रचली. ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायणही त्यांत आहे. समीक्षकांनी याला शब्दांची कसरत म्हणून बाजूला ठेवलं, आणि रसाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. मला मात्र त्या शंभर रामायणांमागे कसरतीपेक्षा वेगळी ओढ दिसते. जी गोष्ट ऐकणाऱ्याला आधीच पाठ आहे, ती पुन्हा पुन्हा नव्या बंधनात सांगायची, म्हणजे सांगणाऱ्याला प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून आठवावी लागते. पंतांचं ते स्मरण होतं, आणि बारामतीच्या शाळांत त्यांची ओळख करून देताना हे सांगायला हवं.

माळेगावात सप्ताह बसतो तेव्हा वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि हातातून हातात जाताना तार थांबू नये याची काळजी दोघंही घेतात. देणारा वाकून नमस्कार करतो, घेणाराही करतो, दोघांतला मोठा कोण हे तिथे कोणी पाहत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला मंडपात ऐकायला माणूस नसतो. विणेकरी उभा असतो, समई असते, व्यासपीठावर झाकून ठेवलेली ज्ञानेश्वरी असते. साखर कारखान्यात पाळ्या करून ज्यांचा जन्म गेला त्यांना ही पाळी जड जात नाही. या पहाऱ्यात स्मरणाचं जे शास्त्र आहे ते मला फार मोलाचं वाटतं. आठवण कोणा एकाच्या डोक्यात साठवून ठेवायची नसते, ती पुढच्याच्या हाती द्यायची असते, आणि दिली नाही तर ती तिथेच थांबते.

याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण महानुभावांचं आहे, आणि ते इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढच्या सर्व लेखांचा पाया तोच आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले. मागे राहिलेल्या मंडळींजवळ त्यांचा ग्रंथ नव्हता, कारण स्वामींनी लिहिलंच नव्हतं. होत्या त्या आठवणी. नागदेवाचार्य रिद्धपुरात त्या लीळांचं स्मरण करत बसत. विद्वान म्हणून पंथात आलेल्या म्हाइंभटांनी ते पाहिलं आणि या आठवणी लिहून ठेवायचं मनावर घेतलं. ते माणसं शोधत हिंडले. ज्याने जी लीळा पाहिली, त्याच्याकडून ती ऐकली. त्यांत स्त्रिया होत्या, साधी गावकरी माणसं होती. दोघांच्या आठवणींत फरक पडला तर म्हाइंभटांनी एक खरी आणि दुसरी खोटी ठरवली नाही, कोण काय म्हणतं ते नावानिशी नोंदवलं. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात असा हा ‘लीळाचरित्र’ ग्रंथ तयार झाला, आणि मराठी गद्याचा आरंभ आपण तिथून धरतो. आपल्या भाषेचं पहिलं मोठं गद्य पुस्तक म्हणजे अनेकांच्या आठवणींचं संकलन आहे.

पुढे यादवांचं राज्य बुडालं. त्या धामधुमीत पोथ्या लुटल्या गेल्या, हरवल्या. मग ज्यांना पाठ होतं त्यांनी ते पुन्हा सांगितलं आणि पुन्हा लिहिलं गेलं. त्यामुळे लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ झाले. पंथाने नंतर आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत झाकून ठेवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी ते उकलेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला या गद्याचा पत्ताच नव्हता. सहाशे वर्षं एक भाषा आपलं पहिलं मोठं पुस्तक विसरून जगत होती. अपोहन म्हणतात ते हेच.

महानुभावांकडची आणखी एक गोष्ट माझ्या विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. केसोबासांनी चक्रधरांचे 114 दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा परमार्थाकडे लागणारा अन्वय. मधला दृष्टांत वाचावा तर त्यात देव नाही, पूजा नाही. हत्ती चाचपून बघणारे जन्मांध आहेत, घरची-दारची माणसं आहेत, त्यांचे व्यवहार आणि फजित्या आहेत. निव्वळ लौकिक गोष्टीतून अलौकिक सांगता येतं, इतकंच नव्हे तर ते तसंच सांगावं लागतं, असा विश्वास त्या रचनेत आहे. मी या पुस्तकात केलं आहे ते एवढंच की आजच्या कादंबऱ्यांना मधली जागा दिली आणि दोन्ही बाजूंची सूत्रं व अन्वय शोधायला निघालो.

‘बनगरवाडी’ (1955) या शोधाला सर्वांत आधी घेतली आहे. व्यंकटेश माडगूळकरांचा कोवळ्या वयाचा मास्तर औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर शाळा चालवायला पायी जातो. सरकारने त्याला शिकवायला पाठवलं आहे. वाडीवर पोरं मेंढरांमागे आहेत, शाळेत कोणी नाही. त्याला शिकवण्याआधी पत्रं लिहावी लागतात, मनीऑर्डरी आणाव्या लागतात, भांडणं ऐकावी लागतात. वाडीचा कारभारी पाठीशी उभा राहतो म्हणून शाळा भरते. आणि शिकवता शिकवता मास्तरच शिकत जातो. ज्ञान हवं तर नम्र व्हावं, विचारावं, सेवा करावी, असं गीतेच्या चौथ्या अध्यायात सांगितलं आहे. ते शिष्याला उद्देशून आहे. माडगूळकर ते मास्तराला लावतात, आणि कुठेही तसं बोलून दाखवत नाहीत. एका बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली मान देणारी शेकूची बायको त्या पुस्तकात आहे. तिच्याबद्दल मास्तर भाष्य करत नाही. तो बघतो, आणि वाचणाऱ्याला तेराव्या अध्यायातल्या क्षमा आणि स्थैर्य या शब्दांचा अर्थ कळतो, जो निरूपण ऐकून कळला नव्हता.

मग दुष्काळ पडतो. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, वाडी ओस होते. शाळा पुन्हा रिकामी. सुरुवातीला जे नव्हतं ते शेवटीही नाही. मधल्या काळात मास्तराने जे उभं केलं ते सगळं गेलं, पण ते पुस्तकात आलं म्हणून आपल्याकडे उरलं. आमच्या नीराकाठच्या बागायतीत आजही धनगरांचे कळप येतात, नांगरलेल्या रानात रात्रभर मेंढरं बसवतात आणि सकाळी पुढे जातात. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा काटेवाडीत मेंढरांचं रिंगण होतं. पालखीभोवती धावणाऱ्या त्या कळपांकडे बघताना मला हमखास कारभारी आठवतो. एका कादंबरीने रिंगणाचा अर्थ माझ्यापुरता वाढवला आहे आणि यात अधर्म आहे असं मला वाटत नाही.

तुकोबांचा विषय निघाला म्हणून सांगतो. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी तरले, अशीही समजूत तितकीच जुनी आणि तितकीच प्रिय आहे. दोन्ही सांगण्यांत भांडण लावण्याचं मला कारण दिसत नाही. दोन्हींचा सांगावा एकच आहे की जे खरं आहे ते बुडवून बुडत नाही, मात्र परत येताना ते कवीच्या मालकीचं राहत नाही.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’वरचा (1963) लेख लिहायला मला सर्वांत वेळ लागला. नेमाड्यांच्या गद्यावर महानुभाव गद्याचे संस्कार आहेत हे बहुतेक समीक्षकांनी सांगितलं आहे, पण मला त्याच्याही खाली जायचं होतं. पांडुरंग सांगवीकर सगळं आठवून सांगतो, आणि सांगताना सारखं असं भासवतो की यातल्या कशालाच अर्थ नाही. मग त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते आणि भासवणं बंद पडतं. तिथे वाक्यं तुटतात. अर्थ नाही असं म्हणणारा माणूस एका लहान पोरीची एकेक गोष्ट आठवत राहतो, कारण ती आठवली नाही तर ती नव्हतीच असं होईल. या कादंबरीत अजिंठाही येतो. बोधीच्या रात्री पहिल्या प्रहरात बुद्धाला आपले पूर्वीचे सगळे जन्म आठवले, असं बौद्ध परंपरा सांगते. ज्ञानाचा पहिला प्रहर आठवणीचा होता. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्या जातककथा रंगवल्या आहेत, दहाव्या लेण्यातला छद्दंत हत्ती किंवा सतराव्यातला विश्वंतर, त्या म्हणजे त्याच स्मरणाची चित्रं. नंतर ती लेणी जगाच्या विस्मरणात गेली आणि 28 एप्रिल 1819 रोजी शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. विसरलेल्या स्मरणाच्या त्या गुहांत, विसरता न येणारं मरण घेऊन आलेला पांडुरंग उभा करणं, हा मला मराठी कादंबरीतला सर्वांत धार्मिक क्षण वाटतो. नेमाड्यांना तसं म्हणायचं होतं का, हा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो. त्यांच्याच ‘हिंदू’त (2010) पुरातत्त्वाचा अभ्यास करणारा खंडेराव वडलांच्या आजारपणामुळे गावी परततो आणि पिढ्यांच्या आठवणींचा ढीग उपसतो. तिच्यावर स्वतंत्र लेख केला नाही, कारण ‘कोसला’त जे थोडक्यात साधलं ते तिथे पसरून येतं, असं माझं मत आहे.

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’वर लेख पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते, तिच्यात आधीच्या एका प्रगत संस्कृतीने आपलं ज्ञान जपून ठेवलेलं असतं. ते उकलून आजची माणसं विचार करणारा यंत्रमानव उभा करतात, त्याचं नाव वामन. ज्यांचं हे ज्ञान, ती माणसं त्याच ज्ञानापायी बुडाली होती. पण ज्ञान हाती आलं तेव्हा ही आठवण बरोबर आलेली नव्हती. ज्ञान आधी पोचलं, स्मृती मागे राहिली. स्मृती गेली की बुद्धी जाते हा दुसऱ्या अध्यायातला क्रम एका खगोलशास्त्रज्ञाने इतक्या स्वच्छपणे कथेत बसवला, आणि तोही पुराणातलं नाव घेऊन. यंत्रं आपल्यासाठी वाचू-लिहू लागली असताना ही कादंबरी पुन्हा वाचायला हवी.

जी. ए. कुलकर्णी हा अवघड प्रांत आहे. त्यांच्याकडे भक्ती शोधायला गेलं तर माणूस रिकाम्या हाताने परततो. ‘पिंगळावेळ’मधल्या (1977) ‘स्वामी’ या कथेत एका परक्या वाटसरूला मठात नेऊन तळघरात बंद केलं जातं आणि त्याला पीठाचा स्वामी केलं जातं. खाणं आहे, सेवा आहे, बाहेर जयजयकार आहे. नाव मात्र गेलं, आणि बाहेर पडायची वाट नाही. शेवटी झरोक्यातून वर उजेडाकडे चढणाऱ्या एका वेलीकडे तो आपलं उरलेलं जगणं सोपवतो. मोकळीक नसलेलं ज्ञान आणि स्वतःची आठवण काढून घेणारं गुरुपद, यांवर इतकी कडक टीका मी कोणत्याही सुधारकाच्या लेखात वाचलेली नाही. आणि तरीही शेवटच्या त्या कृतीत, स्वतः वर जाता येत नसताना दुसऱ्या जिवाला वर जाऊ देण्यात, तेराव्या अध्यायातलं लक्षण पुरतं उतरलं आहे. ज्यांना मठ-मंदिरांची काळजी आहे त्यांनी तरी ही कथा वाचावी.

आता अपोहनाकडे. आठवण चांगलीच असते असं धरून चालणं हे सुखवस्तू माणसाचं लक्षण आहे. ज्या समाजाला ज्ञानाच्या दाराबाहेर उभं केलं गेलं, त्याच्यासाठी आठवण म्हणजे जखम. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) कादंबरी नाही, आत्मकथन आहे, तरी ते मी या पुस्तकात घेतलं. दगडू मारुती पवार आपली हकिगत दया पवारांना सांगतो, आणि दोघं एकच आहेत. एकाने शिकून पुढे येताना दुसऱ्याला मागे ठेवलेलं असतं, विसरायचा प्रयत्न केलेला असतो. तो मागे राहिलेला येऊन बोलू लागतो. इथे विसरणं हे पाप नव्हतं, जगण्याची गरज होती. आणि परत आठवणं ही मुक्ती आहे की नवी वेदना, याचा निकाल पुस्तक देत नाही. धर्माच्या नावाने ज्यांनी हे लोक अक्षरापासून दूर ठेवले त्यांनी स्मृती आणि ज्ञान देणाऱ्याचाच अपमान केला, असं माझं स्पष्ट मत आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’वरच्या (1939) छोट्या लेखातही विस्मरणाचाच धागा आहे. नाझी जर्मनीतून सुटून जहाजावर आलेल्या हेर्टाला पहिलं प्रेम विसरता येत नाही, आणि नायक चक्रधर विध्वंसला कोणाला आठवणीत ठेवायचंच नसतं.

श्याम मनोहर या सगळ्यांत वेगळे. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेला हा लेखक फिक्शन ही एक ज्ञानशाखा आहे असं वर्षानुवर्षं सांगत आला आहे. त्यांच्या कादंबऱ्यांतली साधी मध्यमवर्गीय माणसं जेवताना, रिक्षाची वाट पाहताना मूलभूत प्रश्न विचारतात आणि आपल्या समाजाला ज्ञानाची उत्सुकताच नाही, याचं दुःख पानापानांत जाणवतं. ब्रह्मसूत्रांची सुरुवात जिज्ञासेने होते. ती जिज्ञासा प्रवचनांतून आटली आणि ‘कळ’ किंवा ‘उत्सुकतेने मी झोपलो’सारख्या पुस्तकांत जिवंत राहिली, हे प्रवचनकारांनी मनावर घ्यायला हवं.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील आणि ते यायलाच हवेत. साहित्याचे अभ्यासक म्हणतील, लेखकाने जे लिहिलंच नाही ते तुम्ही त्याच्या तोंडी घालता. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तीनशे वर्षांत भाविकांनी आपापल्या आवडीप्रमाणे शब्द बदलले होते, ओव्या घुसडल्या होत्या. प्रेमाने केलेली घुसडही घुसडच. ‘कोसला’तला पांडुरंग म्हणजे पंढरीचा पांडुरंग असं कोणी सांगू लागला तर तो तेच करतो आहे. म्हणून मी एक नियम पाळला आहे. पुस्तकात जे घडतं त्यावरच बोलायचं, नावांच्या योगायोगावर आणि खुणांवर इमारत उभी करायची नाही. लेखकाची श्रद्धा काय होती हे मी कुठेही ठरवलेलं नाही. म्हाइंभटांनी दोन आठवणी शेजारी ठेवल्या, तसं मी लेखकाचं वाक्य आणि ज्ञानेश्वरीतला विचार शेजारी ठेवला आहे. दोन्ही आपापल्या जागी राहू द्यावेत.

दुसरा आक्षेप घरातला आहे. संप्रदायातली वडीलधारी माणसं विचारतात, गाथा-ज्ञानेश्वरी असताना कादंबरीची गरज काय? त्यांच्या मनात आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’चा प्रसंगही असतो. त्या कादंबरीवरून वारकरी दुखावले, पुस्तक मागे घेतलं गेलं, आणि 2009 मध्ये महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद यादवांना सोडावं लागलं. ‘झोंबी’सारखं शिक्षणाच्या ओढीचं विलक्षण पुस्तक देणाऱ्या लेखकाच्या वाट्याला हे यावं, याचं मला दुःख आहे, आणि वारकऱ्यांना झालेली वेदनाही मला खोटी वाटत नाही. यातून मी एवढं घेतलं की संतांना कादंबरीत आणणं आणि कादंबरीत संतांचं म्हणणं ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. माझं दुसरं. वडीलधाऱ्यांना मी समर्थांचा निकष दाखवतो. ग्रंथ कशाला म्हणावं हे दासबोधात त्यांनी नीट सांगितलं आहे. जे ऐकून अनुताप होतो, अवगुण पालटतात, गर्व उतरतो, तो ग्रंथ. ‘बनगरवाडी’ आणि ‘बलुतं’ त्या कसोटीला लावून पाहा, मग बोलू.

काय वगळलं तेही सांगायला हवं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (1857), म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी, उघडपणे धर्मप्रचारासाठी लिहिलेली, म्हणून घेतली नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आठवणींचंच पुस्तक, आश्रमातल्या प्रार्थनेनंतर सांगितलेलं, पण तिला लौकिक कादंबरी म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (2019) घ्यायला हवी होती, तिचा आवाका एका लेखात मावला नाही. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधल्या यमूने आपल्या आठवणी ज्या धीराने लिहिल्या, त्यावर कोणीतरी स्वतंत्र पुस्तक लिहावं.

ही पुस्तकं मला गावात राहूनच वाचायला मिळाली, मागून आणलेली, जुन्या प्रतींतली, कोणाकोणाच्या खुणा असलेली. गावोगावच्या सप्ताहांच्या विश्वस्तांना आणि कीर्तनकार महाराजांना माझी विनंती आहे. सात दिवसांतल्या एका दुपारी, पारायण आणि हरिपाठाच्या मधल्या वेळेत, एका मराठी कादंबरीतलं एक प्रकरण मोठ्याने वाचून घ्यावं. निरूपण नको, नुसतं वाचन. ऐकायला शाळेतली पोरं बोलवावीत आणि ज्यांनी कधी कादंबरी हातात धरली नाही अशा बायकाही. काय घडतं ते पाहून मला कळवावं.

आणि वाचकहो, ज्यांनी ‘बनगरवाडी’ वाचलेली नसेल त्यांनी हे पुस्तक इथेच मिटून आधी ती वाचावी. लहानशी आहे, दोन संध्याकाळींत होते. माझे लेख त्यानंतर वाचले तरी चालतील.

माळेगाव बुद्रुक, ता. बारामती